एकदाच दिसणारे संदेश: जँगो अ‍ॅपमधल्या दुरुस्तीच्या नोंदी

काम एका गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयीन अ‍ॅपचं. देखभाल शुल्काची बिलं, पावत्या, तक्रारी, सूचना फलक, एवढाच पसारा. जँगो ५.२ (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क), पोस्टग्रेएसक्यूएल (डेटाबेस), बूटस्ट्रॅप ५.३ (पानांची सजावट), आणि काही पानांवर एचटीएमएक्स २ (पूर्ण पान न बदलता त्याचा तुकडा बदलणारी लायब्ररी). ‘पावती जतन झाली’ अशा धर्तीचे संदेश जँगोच्या मेसेजेस फ्रेमवर्कमधून जातात. तक्रारी तीन प्रकारच्या: संदेश दिसतच नाही, दोनदा दिसतो, किंवा भलत्याच माणसाला दिसतो. तिन्हींची कारणं वेगळी निघाली. ज्यांना हेच काम करायचं आहे त्यांच्यासाठी नोंदी ठेवल्या आहेत.

९ जून २०२५. संदेश नेमका कधी खर्ची पडतो

दुरुस्तीआधी हे पक्कं करून घ्यावं, नाहीतर पुढचा प्रत्येक दोष अंधारात शोधावा लागतो. व्ह्यूमध्ये (विनंतीला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये) संदेश घातला की तो आधी फक्त त्या रिक्वेस्टच्या, म्हणजे ब्राउझरच्या त्या एका विनंतीच्या, मेमरीत रांगेत बसतो. उत्तर परत जाताना मिडलवेअर (प्रत्येक विनंती आणि उत्तर ज्यातून जातं तो मधला थर) तो साठ्यात लिहितं. पुढच्या पानावर टेम्पलेटमधला (पानाच्या साच्यातला) ‘फॉर’ लूप त्यावरून फिरला की ‘यूज्ड’ ही खूण लागते आणि ते उत्तर बाहेर पडताना साठा रिकामा होतो. नुसतं ‘इफ मेसेजेस’ विचारलं किंवा लेंग्थ फिल्टर लावला तर खूण लागत नाही. पायथनमध्ये कुणी डीबगिंगसाठी त्याची लिस्ट केली, तर मात्र लागते.

म्हणजे खर्ची पडण्याचा क्षण सर्व्हरवर टेम्पलेट तयार होण्याचा आहे. ते पान माणसाने पाहिलं की नाही, याच्याशी जँगोला देणंघेणं नाही. पुढच्या जवळजवळ सगळ्या नोंदींचं मूळ इथे आहे.

आणखी एक सापळा आमच्याच टेम्पलेटमध्ये सापडला. बिलाच्या पानावर लूपच्या आत ‘इफ’ लावून फक्त चुकांचे संदेश दाखवले होते आणि बाकीचे पुढच्या पानावर दिसतील असं धरलं होतं. तसं होत नाही. लूप फिरला की सगळेच गेले, दाखवलेले आणि न दाखवलेलेही. एकाच पानावर दोन ठिकाणी वाटून दाखवायचे असतील तर दोन लूप चालतात, कारण त्याच रिक्वेस्टमध्ये यादी मेमरीत असते.

१० जून. रंग

चुकांचे संदेश लाल न दिसता बिनरंगी येत होते. जँगो ‘एरर’ हा टॅग देतं, बूटस्ट्रॅपला ‘डेंजर’ हवा असतो. सेटिंग्जमध्ये ‘मेसेज_टॅग्ज’ या डिक्शनरीत एरर पातळीसमोर ‘डेंजर’ लिहिलं, झालं. सोबत संदेशाच्या पेटीला छपाईत लपवणारा ‘डी-प्रिंट-नन’ क्लास लावला. पावतीवर ‘जतन झाली’ची हिरवी पट्टी छापून येत होती.

१२ जून. चूक झाली, तरीही ‘जतन झाली’

हा दोष सर्वांत गंभीर, म्हणून सविस्तर. पावती भरल्यावर ‘काहीतरी बिघडलं’ असं ५००चं (सर्व्हरवरच्या चुकीचं) पान यायचं. कारकून यादीवर परत जायचा, तर तिथे हिरव्या पट्टीत ‘पावती जतन झाली’. यादीत मात्र पावती नाही.

साखळी अशी. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅटॉमिक_रिक्वेस्ट्स’ चालू आहे, म्हणजे पूर्ण व्ह्यू एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये: डेटाबेसमधले सगळे बदल पक्के होतात किंवा सगळे मागे फिरतात. व्ह्यू पावती जतन करतो, संदेश घालतो, मग सभासदाला ईमेल पाठवतो. ईमेल सर्व्हरने नकार दिला की एक्सेप्शन येतं आणि ट्रान्झॅक्शन मागे फिरतं. पण संदेश ट्रान्झॅक्शनचा भाग नाही. मेसेज मिडलवेअर ५००च्या उत्तरावरही चालतं आणि रांगेतला संदेश साठ्यात लिहितं. जँगोचा मूळचा साठा ‘फॉलबॅक-स्टोरेज’ आहे: आधी कुकी (ब्राउझरमध्ये राहणारी नोंद), कुकीत न मावलेलं सेशनमध्ये (सर्व्हरवर राहणारी त्या वापरकर्त्याची नोंद). संदेश छोटा, म्हणून तो कुकीत गेला आणि ५००च्या उत्तराबरोबर ब्राउझरमध्ये पोचला.

दुरुस्त्या दोन केल्या, दोन्ही हव्यात.

पहिली, ईमेल पाठवणं ‘ट्रान्झॅक्शन.ऑन_कमिट’मध्ये हलवलं. पावती पक्की झाल्याशिवाय ईमेल जाणारच नाही. ‘ऑन_कमिट’ला ‘रोबस्ट’ पर्याय आहे, तो खरा ठेवला. त्यामुळे ईमेल फसला तर लॉगमध्ये नोंद होते, पण पान कोसळत नाही.

दुसरी, ‘मेसेज_स्टोरेज’ बदलून ‘सेशन-स्टोरेज’ केलं. सेशन मिडलवेअर ५०० आणि त्यावरच्या उत्तरांना सेशन जतनच करत नाही, त्यामुळे फसलेल्या रिक्वेस्टचा संदेश आपोआप गळतो. मिडलवेअरच्या यादीत सेशन आधी आणि मेसेज नंतर, हा क्रम मोडू नये.

चाचणी लिहिताना अर्धा दिवस वाया गेला. जँगोचा टेस्ट क्लायंट व्ह्यूमधलं एक्सेप्शन जसंच्या तसं वर फेकतो, त्यामुळे ५००चं उत्तर हाती येतच नाही. क्लायंट बनवताना ‘रेझ_रिक्वेस्ट_एक्सेप्शन’ला ‘फॉल्स’ द्यावं लागतं. शिवाय साध्या ‘टेस्टकेस’मध्ये ‘ऑन_कमिट’ची कामं धावत नाहीत, कारण कमिटच होत नाही. त्यासाठी ‘कॅप्चर_ऑन_कमिट_कॉलबॅक्स’ वापरून एक्झिक्यूट खरं करावं.

१३ जून. आधीच्या माणसाचा संदेश पुढच्याला

कार्यालयात एकच संगणक, त्यावर सचिव आणि कारकून आळीपाळीने बसतात. सचिव बाहेर पडले, कारकुनाने लॉगिनचं पान उघडलं, तर वर ‘सदनिका ब-३०४ची थकबाकी माफ केली’. कारकुनाला हे कळायला नको होतं.

याचंही मूळ कुकीत होतं. लॉगआउट करताना जँगो सेशन पूर्ण पुसतं, पण संदेशांची कुकी वेगळी असते आणि ती तशीच राहते. न पाहिलेला संदेश लॉगिनच्या पानावर उगवतो. सेशन-स्टोरेजवर गेल्यावर सेशनबरोबर संदेशही पुसले जातात. ‘आपण बाहेर पडलात’ हा संदेश टिकतो, कारण तो त्याच रिक्वेस्टच्या रांगेत असतो आणि नव्या सेशनमध्ये लिहिला जातो.

साठा बदलला तरी ब्राउझरमधल्या जुन्या कुकी राहतातच. पण ‘मेसेजेस’ नावाची ती कुकी आता कुणी वाचत नाही, आणि तिला मुदत दिलेली नसते, त्यामुळे ब्राउझर बंद झाल्यावर ती जाते. तिच्यासाठी वेगळं काही केलं नाही.

१६ जून. फेव्हिकॉनने गिळलेला संदेश

‘कधी दिसतो, कधी नाही’ या तक्रारीचा माग लागायला सर्वांत जास्त वेळ गेला. कारण ती विकासाच्या संगणकावर कधीच घडत नव्हती.

पावती जतन झाली की अ‍ॅप थेट छपाईच्या पानावर नेतं. ते पान साधं, मूळ टेम्पलेट न वापरणारं, त्यामुळे तिथे संदेशाची जागा नाही. अपेक्षा अशी की संदेश थांबेल आणि यादीच्या पानावर दिसेल. पण छपाईच्या पानाच्या हेडमध्ये आयकॉनची लिंकही नव्हती. मग ब्राउझर स्वतःहून मुळाशी ‘फेव्हिकॉन.आयसीओ’ (टॅबवरचं छोटं चित्र) मागतो. ती फाइल नाही, म्हणून विनंती जँगोपर्यंत जाते आणि ४०४चं (‘पान सापडलं नाही’चं) टेम्पलेट तयार होतं. ते टेम्पलेट मूळ टेम्पलेटवर बेतलेलं, त्यात संदेशांचा लूप. लूप फिरला, संदेश खर्ची पडला, आणि तो एचटीएमएल कुणीच पाहिला नाही.

विकासात हे का दिसत नव्हतं? ‘डीबग’ चालू असताना जँगो स्वतःचं तांत्रिक ४०४ पान दाखवतं, आपलं टेम्पलेट नाही. आणि ब्राउझर प्रत्येक वेळी फेव्हिकॉन मागत नाही, म्हणून खऱ्या सर्व्हरवरही दोष लपाछपी खेळत होता. सर्व्हरच्या लॉगमध्ये छपाईच्या पानानंतर लगेच येणारी ४०४ची ओळ पाहिल्यावर उलगडा झाला. अशी शंका आली तर ‘डीबग’ बंद करून, नव्या खासगी खिडकीत तपासा.

४०४चं टेम्पलेट मूळ टेम्पलेटपासून तोडलं, त्यात संदेशांचा लूप नाही. एनजिनएक्समध्ये (जँगोच्या पुढे बसणाऱ्या वेब सर्व्हरमध्ये) फेव्हिकॉनची विनंती तिथल्या तिथे निकाली काढली. ५००च्या पानाला हा धोका नाही, कारण जँगो ते रिक्वेस्टच्या कॉन्टेक्स्टशिवाय तयार करतं.

१७ जून. मेलेला संदेश पुन्हा उठतो

सेशन-स्टोरेजवर गेल्यावर नवा दोष: तोच संदेश लागोपाठ दोन पानांवर. मुख्य पानावर तक्रारींचा आकडा दर १० सेकंदांनी एचटीएमएक्सने ताजा होतो. आणि कुणीतरी ‘सेशन_सेव्ह_एव्हरी_रिक्वेस्ट’ चालू ठेवलं होतं, म्हणजे वापर चालू असेपर्यंत लॉगिनची मुदत पुढे सरकावी.

आकड्याची विनंती सेशन वाचते, त्यात संदेश आहे. त्याच वेळी दुसऱ्या टॅबमधलं पान संदेश दाखवून सेशनमधून काढतं आणि जतन करतं. मग आकड्याची विनंती संपते आणि स्वतःची जुनी प्रत पुन्हा जतन करते. जँगो सेशन पूर्णच्या पूर्ण लिहितं, शेवटी लिहिणारा जिंकतो. ती सेटिंग बंद केली. मुदत सरकवायची गरज खरी होती, म्हणून छोटं मिडलवेअर लिहिलं: साधी पानं उघडताना, तेही पंधरा मिनिटांतून एकदाच, सेशनमधली वेळ बदलायची. एचटीएमएक्सच्या विनंत्यांना हात लावायचा नाही. शर्यत पूर्णपणे संपलेली नाही, पण दर १० सेकंदांनी होणारं लिखाण थांबलं आणि तक्रारही.

१९ जून. एचटीएमएक्स आणि देवनागरी हेडर

पानाचा तुकडाच बदलतो तिथे रिडायरेक्ट नाही, म्हणून संदेश वेगळ्या वाटेने न्यावा लागतो. सर्व्हरने ‘एचएक्स-ट्रिगर’ या हेडरमध्ये (उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) पाठवायचं, पानावरच्या जावास्क्रिप्टने ते ऐकून टोस्ट (थोडा वेळ दिसणारी छोटी पेटी) दाखवायचा, अशी आखणी.

इंग्रजी चाचणी संदेश चालला. ‘तक्रार बंद केली’ पाठवलं की काहीच नाही, कन्सोलमध्ये चूकही नाही. जेसन बनवताना ‘एन्शुअर_आस्की’ला ‘फॉल्स’ दिलं होतं, लॉग वाचायला बरं पडावं म्हणून. हेडरमध्ये लॅटिन-१च्या (पश्चिम युरोपीय अक्षरसंचाच्या) बाहेरचं अक्षर आलं की जँगो पूर्ण मजकूर ईमेलच्या विषयासारखा माइम पद्धतीने गुंडाळतं. एचटीएमएक्स आधी मजकूर महिरपी कंसाने सुरू होतो का पाहतं. तसं नसेल तर तो साध्या इव्हेंटचं नाव समजतं आणि त्या नावाचा इव्हेंट सोडून मोकळं होतं. ऐकणारं कुणी नाही, म्हणून शांतता.

‘एन्शुअर_आस्की’चा पर्याय काढून टाकला. जेसनचं मूळ वागणं देवनागरी अक्षराला ‘\’ आणि यूनिकोड आकड्यांच्या रूपात लिहितं, ते शुद्ध आस्की असतं, ब्राउझरमध्ये पुन्हा अक्षर होतं. किंमत म्हणजे प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी सहा बाइट घेते. शंभर चिन्हांचा संदेश सहाशे बाइटचा. एखाद-दुसऱ्या वाक्याला चालतं, लांब मजकूर हेडरमध्ये नेऊ नये. आणि उत्तर रिडायरेक्टचं असेल तर हे हेडर एचटीएमएक्सपर्यंत पोचतच नाही, कारण ब्राउझर मधल्यामध्येच पुढच्या पत्त्यावर जातो.

तुकड्यांच्या टेम्पलेटमध्ये मूळ टेम्पलेटचा लूप चुकूनही यायला नको, हेही तपासलं. दोन तुकड्यांत होता, काढला.

२० जून. शब्द आणि संख्या

जँगोचं ‘सक्सेस-मेसेज-मिक्सिन’ (फॉर्म जतन झाल्यावर संदेश घालणारा तयार क्लास) वापरून सगळ्या फॉर्मना एकच वाक्य द्यायचं होतं. मराठीत ते बसत नाही: पावती जतन झाली, अर्ज जतन झाला, बिल जतन झालं. क्रियापद ‘नोंद’ या शब्दाशी बांधून ‘नोंद झाली: पावती क्र. २१४’ असा साचा केला, तो सगळ्यांना चालतो. या मिक्सिनला फक्त फॉर्मचा शुद्ध केलेला डेटा मिळतो, नवा क्रमांक त्यात नसतो. त्यासाठी ‘गेट_सक्सेस_मेसेज’ नव्याने लिहून ‘सेल्फ.ऑब्जेक्ट’मधून क्रमांक घेतला.

घाऊक बिलांच्या व्ह्यूमध्ये प्रत्येक सदनिकेमागे एक संदेश जात होता, पडदाभर हिरव्या पट्ट्या. आता एकच: ‘१ बिल तयार झालं’ किंवा ‘८० बिलं तयार झाली’. पूर्ण वाक्य ‘एनगेटटेक्स्ट’ला (संख्येप्रमाणे एकवचनी किंवा अनेकवचनी वाक्य निवडणाऱ्या फंक्शनला) दिलं, कारण नामाबरोबर क्रियापदही बदलतं. अडलेल्या सदनिकांची यादी वेगळ्या पानावर, संदेशात तिची लिंक. लिंकसाठी ‘फॉरमॅट_एचटीएमएल’च वापरावं. एफ-स्ट्रिंग बनवून ‘मार्क_सेफ’ लावलं, तर सभासदाच्या नावात दडलेला स्क्रिप्टचा तुकडाही ‘सुरक्षित’ ठरतो, आणि ही खूण संदेशाबरोबर साठ्यातही जपली जाते.

२३ जून. किती वेळ दिसावा

बूटस्ट्रॅप ५चा टोस्ट ५००० मिलिसेकंदांनी आपोआप लपतो. मराठी वाक्य सावकाश वाचणाऱ्या ज्येष्ठ सभासदाला ते पुरत नाही. यशाच्या संदेशांना १० सेकंद दिले आणि माउस वर असेपर्यंत थांबा. चुकांचे संदेश आपोआप जातच नाहीत, बंद करावे लागतात. यावर तडजोड करू नये: जो संदेश पुन्हा कधीच दिसणार नाही, तो माणसाच्या हातून निसटू देणं अन्यायाचं आहे.

स्क्रीन रीडरसाठी यशाला ‘स्टेटस’ रोल, चुकीला ‘अलर्ट’. डब्ल्यूसीएजी २.१मधला (वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमधला) ४.१.३ हा निकष यासाठीच आहे. जिवंत क्षेत्राची (ज्यातला बदल स्क्रीन रीडर आपणहून उच्चारतो त्या भागाची) पेटी पानात आधीपासून रिकामी असावी आणि मजकूर नंतर पडावा. पानाबरोबरच भरून आलेली पेटी काही स्क्रीन रीडर उच्चारतच नाहीत. म्हणून सर्व्हरकडून संदेश एचटीएमएलच्या ‘टेम्पलेट’ टॅगमध्ये येतात आणि पान तयार झाल्यावर जावास्क्रिप्ट ते पेटीत सोडतं. जावास्क्रिप्ट बंद असणाऱ्यांसाठी तोच मजकूर ‘नोस्क्रिप्ट’मध्ये.

मागे जाण्याचं बटण दाबलं की ब्राउझर पान गोठवलेल्या अवस्थेतून परत आणतो आणि जुना टोस्ट पुन्हा समोर येतो. ‘पेजशो’ इव्हेंटमध्ये ‘पर्सिस्टेड’ खरं असेल तर पेटी रिकामी करायची, एवढ्या ओळीत मिटलं.

२५ जून. ज्यांना रिक्वेस्टच नाही असे संदेश

बँकेची एक्सेल फाइल सेलरीच्या (पडद्यामागे कामं चालवणाऱ्या प्रणालीच्या) कामात वाचली जाते, त्याला काही मिनिटं लागतात. काम संपतं तेव्हा हातात रिक्वेस्ट नसते, म्हणून मेसेजेस फ्रेमवर्क इथे उपयोगाचं नाही. जुन्या जँगोत वापरकर्त्याला बांधलेले संदेश डेटाबेसमध्ये ठेवायची सोय होती, १.४मध्ये ती काढली गेली. स्वतःचं टेबल करावं लागलं: वापरकर्ता, पातळी, मजकूर, तयार झाल्याची वेळ, पाहिल्याची वेळ.

इथे निर्णय घ्यावा लागतो. पान तयार होताना ‘पाहिला’ लिहिलं तर संदेश हरवू शकतो. माणसाने बंद केल्यावर लिहिलं तर तो दोन टॅबमध्ये दोनदा दिसू शकतो. ‘फाइलमधल्या ७ ओळी वाचता आल्या नाहीत’ हा संदेश हरवण्यापेक्षा दोनदा दिसलेला बरा, म्हणून बंद केल्यावरच वेळ लिहिली जाते. बंद करताना ‘सेंड-बीकन’ वापरलं, म्हणजे माणूस लगेच दुसऱ्या पानावर गेला तरी विनंती पोचते. त्यात स्वतःचं हेडर घालता येत नाही, त्यामुळे सीएसआरएफचं टोकन (विनंती आपल्याच पानावरून आल्याची खूण) फॉर्म-डेटामध्ये ‘सीएसआरएफ-मिडलवेअर-टोकन’ या नावाने द्यावं लागतं. पहिल्या प्रयत्नांना ४०३ (परवानगी नाही) येत होतं ते यामुळेच.

‘नवीन पावती पान आलं आहे’ अशा सर्वांना एकदाच दाखवायच्या सूचनांना दुसरं छोटं टेबल: वापरकर्ता आणि सूचनेची किल्ली, दोन्हींवर मिळून युनिक बंधन. लिहिताना ‘गेट_ऑर_क्रिएट’, म्हणजे दोन टॅबमधून बंद केलं तरी चूक येत नाही. सूचनेला शेवटची तारीख सक्तीची केली, नाहीतर वर्षाने आलेल्या सभासदाला जुनं ‘नवीन’ दिसतं.

२७ जून. सेशनचं बिल

सेशन-स्टोरेजची किंमत आता मोजता येते. बाहेरच्या संपर्क फॉर्मवर बॉट येतात, प्रत्येक यशस्वी भरण्याला धन्यवादाचा संदेश, त्यापायी प्रत्येकाला सेशनच्या टेबलात एक ओळ, मुदत मुळात दोन आठवडे. त्या फॉर्मवरून संदेश काढला, आता तो ‘धन्यवाद’च्या स्थिर पानावर नेतो. सूचना फलकाचं सार्वजनिक पानही संदेशांपासून वेगळं केलं. टेम्पलेटने संदेश विचारले की सेशन वाचलं जातं, उत्तराला ‘व्हेरी: कुकी’ (कुकीनुसार उत्तर बदलतं, असं सांगणारं हेडर) लागतं आणि पानाचा कॅश निरुपयोगी होतो.

सेशन इंजिन ‘कॅश्ड_डीबी’ (डेटाबेस आणि त्यापुढे कॅश) केलं. मुदत संपलेल्या ओळी जँगो स्वतः काढत नाही, म्हणून ‘क्लिअरसेशन्स’ ही आज्ञा रोज पहाटे ३ वाजता क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) चालते. संदेशांच्या टेबलातल्या पाहिलेल्या ओळी ९० दिवसांनी त्याच वेळी पुसल्या जातात. न पाहिलेल्या ओळींना हात लावलेला नाही. त्या किती साठतात ते ऑगस्टच्या बिलांनंतर पाहून मुदत ठरेल.